सेरो तोरेच्या पायथ्याशी एक दिवस: एल चाल्तेनच्या एका गाईडबद्दल

गाईडचं नाव इथे देत नाही. त्यानेच तशी विनंती केली होती. एल चाल्तेन म्हणजे पातागोनियातलं एवढंसं गाव, १९८५ साली चिलीशी सीमेचा वाद चालू असताना अर्जेंटिनाने मुद्दाम वसवलेलं. सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि जवळच्या सेरो तोरे या सुळक्यावरच्या बोल्टांचा, म्हणजे दोर अडकवायला कातळात ठोकलेल्या मेखांचा, विषय निघाला की अजूनही आवाज चढतात, असं तो म्हणाला. त्याला तिथेच राहायचंय, रोज त्याच बेकरीत जायचंय. म्हणून हा अभिप्राय बिनानावाचा. पाचपैकी साडेचार.

आम्ही घेतली ती सेवा साधी होती. गावातून लागुना तोरे या सरोवरापर्यंत, म्हणजे जायला नऊ-दहा किलोमीटर. तिथून सरोवराच्या कडेच्या मोरेनवरून, म्हणजे हिमनदीने लोटून आणलेल्या दगडमातीच्या बांधावरून, आणखी दोनेक किलोमीटर मिरादोर माएस्त्री, डोंगर बघायची जागा. आणि त्याच वाटेने परत. वाट मळलेली आहे, पाट्या आहेत, बहुतेक लोक गाईडशिवायच जाऊन येतात. आम्ही दोघी होतो, मी आणि माझी भाची. वाट चुकायची भीती नव्हती. मला सेरो तोरेच्या आग्नेय धारेवरच्या 'कॉम्प्रेसर रूट'बद्दल, म्हणजे १९७० साली कॉम्प्रेसरच्या यंत्राने भोकं पाडून बोल्ट मारलेल्या वाटेबद्दल, बोलणारा माणूस हवा होता, आणि तोही तिथलाच. ते बोल्ट ठेवावेत की काढावेत यावर बाहेरच्यांनी केलेले युक्तिवाद मी वर्षानुवर्षं वाचत आलेय. गावाची बाजू कधी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. आरक्षण करताना मी कचेरीत एवढंच सांगितलं, "कॉम्प्रेसर रूटबद्दल बोलेल असा कुणी द्या." काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि एक फोन लावला.

सकाळी साडेसहाला तो हजर. पन्नाशीचा, हातावर जुने ओरखडे, पाठीवर थर्मास आणि तिपाईसकट दुर्बीण. आधी आमचे बूट तपासले, भाचीच्या बुटाची नाडी स्वतः परत बांधून दाखवली, आणि वाटेला लागायच्या आधी आम्हाला उलट्या दिशेला नेलं, गावातल्या छोट्याशा चॅपेलकडे. टोनी एगरच्या नावाचं चॅपेल आहे ते. या डोंगरांत गेलेल्या गिर्यारोहकांची आठवण तिथे ठेवलीय. तो आत आला नाही, दाराशी थांबला. "गोष्ट इथून सुरू होते," एवढंच म्हणाला आणि चालायला लागला.

या माणसाचं वेगळेपण असं की गोष्ट त्याने वाटेवर पसरून ठेवलेली आहे. प्रत्येक प्रसंगाची जागा ठरलेली. तिथे पोचेपर्यंत तो त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. मी आधीच सगळं विचारायच्या घाईत होते. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा त्याने नुसता हात पुढे दाखवला. नंतर कळलं की ते बरंच झालं.

पहिला तास मात्र तो फार वेगाने चालला. भाची जिममधल्या भिंतीवर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली चढते, पण तिला लांब चालायची सवय नाही. तिला धाप लागली तरी त्याच्या लक्षात आलं नाही. मला सांगावं लागलं. सांगितल्यावर त्याने वेग कमी केला आणि परत वाढवला नाही, पण पैसे घेऊन चालवणाऱ्या माणसाला हे आपणहून दिसायला हवं. अर्धा गुण इथे गेला.

पहिल्या मिरादोरवर ढग होते. सेरो तोरे, तोरे एगर, स्टँडहार्ट, तिन्ही सुळके पार झाकलेले. तिथे पाच-सहा जण हिरमुसून बसले होते. तो थांबलाच नाही. पुढे लेंगा झाडांच्या जंगलात, वारा अडतो अशा एका वळणावर बसला, माते (तिथला चहासारखा काढा) ओतला आणि १९५९ सांगितलं.

इटलीचा चेझारे माएस्त्री आणि ऑस्ट्रियाचा टोनी एगर उत्तरेच्या बाजूने वर गेले. चेझारिनो फावा खाली वाट बघत होता. सहा दिवसांनी फावाला बर्फात पडलेला माएस्त्री एकटाच सापडला. माएस्त्रीने सांगितलं, आम्ही माथ्यावर पोचलो, उतरताना हिमप्रपाताने एगरला नेलं, आणि कॅमेरा त्याच्याकडे होता. एगरचे अवशेष पुढे हिमनदीवर मिळाले, कॅमेरा मिळाला नाही. १९७६ मध्ये अमेरिकन त्रिकूट तोरे एगर चढायला त्याच बाजूने गेलं. त्यांना खालच्या टप्प्यात माएस्त्रीचं सामान भरपूर दिसलं आणि त्याच्या वर काहीच दिसलं नाही. २००५ मध्ये एर्मानो साल्व्हातेरा, रोलांदो गारिबोत्ती आणि अलेस्सांद्रो बेल्ट्रामी त्या उत्तर बाजूने माथ्यापर्यंत गेले. त्यांनाही माएस्त्रीच्या वर्णनाशी जुळणारं काही सापडलं नाही. ही यादी तो पाठ म्हटल्यासारखी सांगतो. एगरबद्दल बोलताना मात्र सावकाश बोलतो. "सगळे माएस्त्री खरं बोलला का खोटं यावरच भांडतात. मेला तो दुसराच," असं म्हणून त्याने पेला झटकला आणि उठला.

पुढचा थांबा दे आगोस्तिनी कॅम्प. या जागेचं आधीचं नाव ब्रिडवेल कॅम्प होतं. तिथे त्याने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढून माझ्या हातात दिली. बोटभर लांबीची लोखंडी मेख, डोक्याला कॅराबिनर अडकवायचं भोक. "हा तिथला नाही," त्याने आधीच स्पष्ट केलं, "तसल्याच जातीचा आहे. तिथले पोलिसांनी नेले."

मी आयुष्यात बरेच बोल्ट ठोकलेत आणि काढलेतही, त्यामुळे त्या मेखेकडे मी जरा जास्तच वेळ बघत बसले. आजचा बोल्ट भोकात शिरला की फुगून किंवा गोंदाने धरतो. ही मेख भोकापेक्षा किंचित जाड असते आणि नुसती ठोकून बसवायची. कातळाने आवळून धरलं तर धरलं. असले बोल्ट माएस्त्रीने १९७० साली त्या डोंगरावर सुमारे ४०० मारले. पेट्रोलवर चालणारा, शंभर किलोहून जड कॉम्प्रेसर त्याने हातरहाटाने कातळावर ओढत नेला, कारण १९५९ च्या चढाईवर शंका घेणाऱ्यांना त्याला उत्तर द्यायचं होतं. त्यासाठी त्याने दुसरीच बाजू निवडली, आग्नेयेची. काही ठिकाणी बाजूला हात घालता येईल अशी चांगली भेग असूनही बोल्टांची ओळ सरळ वर गेलीय. एझिओ आलिमोंता आणि कार्लो क्लाउस त्याच्यासोबत होते. ते कातळ संपेपर्यंत पोचले. वरचं बर्फाचं छत्र माएस्त्रीने चढलंच नाही. ते डोंगराचा भाग नाही, कधीतरी वाऱ्याने उडून जाईल, असं त्याचं म्हणणं होतं. कॉम्प्रेसर तिथेच कातळाला टांगून ठेवला. आणि खाली येताना स्वतःचेच सगळ्यात वरचे काही बोल्ट तोडले.

हे शेवटचं वाक्य मी त्याला पुन्हा सांगायला लावलं. मला ते वाचून माहीत होतं, पण या वादात ते कुणी ठळकपणे मांडत नाही. त्या धारेवरचे बोल्ट काढणारा पहिला माणूस माएस्त्रीच. नऊ वर्षांनी, १९७९ मध्ये जिम ब्रिडवेल आणि स्टीव्ह ब्रूअर तिथे पोचले तेव्हा वर अचानक बोल्ट संपले, आणि कोऱ्या कातळावरून त्यांना स्वतःचा रस्ता काढावा लागला. ते बर्फाच्या छत्रावरून खऱ्या माथ्यापर्यंत गेले. म्हणजे हा रूट पूर्ण झाला तो १९७९ ला. त्याच्या पाच वर्षं आधी, १९७४ मध्ये, काझिमिरो फेरारी आणि त्याचे तीन साथीदार पश्चिमेच्या बर्फावरून माथ्यावर पोचले होते. कुणीही शंका न घेतलेली तीच सेरो तोरेची पहिली चढाई. ब्रिडवेलच्या नावाचा कॅम्प आता दुसऱ्या नावाने ओळखला जातो, माएस्त्रीच्या नावाचं मिरादोर मात्र तसंच आहे. भाचीने याचं कारण विचारलं. त्याने खांदे उडवले.

लागुना तोरेपाशी पोचलो आणि वीस मिनिटांत वर उघडलं. त्या दृश्याचं वर्णन करत बसत नाही, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. राखाडी पाणी, त्यावर हिमनदीचे तुटलेले तुकडे, आणि मागे ३१२८ मीटरचा तो सुळका, डोक्यावर बर्फाची गाठ घेऊन. त्याने दुर्बीण लावली. डावीकडे उतरणारी धार, तिच्या पायथ्याशी पेशन्स खिंड, वर बोल्टांची ती ९० मीटरची आडवी वाट, आणि सगळ्यात वर माथ्याखालची ताशीव भिंत. एकेक टप्पा त्याने दाखवला, भाचीला नीट दिसेपर्यंत दुर्बीण हलवत राहिला. कॉम्प्रेसर आम्हाला दिसला नाही. इतक्या लांबून दिसत नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं, तरी आम्ही शोधलाच.

मिरादोर माएस्त्रीवर वारा असा होता की टोपी हातात धरावी लागली. एका मोठ्या दगडाआड बसून डबे काढले. सँडविच, एक सफरचंद, सुका मेवा, जेवण जेमतेम. दिवसभराच्या पायपिटीला ते पुरत नाही, आपलं काहीतरी बरोबर न्या. आणि इथे, गोष्टीतल्या त्याच्या ठरलेल्या जागी, २०१२ आलं.

त्याआधी २००७ मध्ये या गावात गिर्यारोहकांची एक बैठक झाली होती, याच प्रश्नावर. बोल्ट काढायचे का? बहुमत ठेवण्याच्या बाजूने पडलं. तीन वर्षांनी एका जाहिरातदार कंपनीच्या पैशाने डेव्हिड लामा या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाच्या चढाईचं चित्रीकरण करायला आलेल्या पथकाने त्याच धारेवर आणखी तीसेक बोल्ट मारले आणि दोर टांगून ठेवले. त्यावर जगभर ओरड झाली. जानेवारी २०१२ मध्ये हेडन केनेडी हा अमेरिकन आणि जेसन क्रुक हा कॅनडाचा, दोघं विशीतले, माएस्त्रीच्या बोल्टांची ओळ टाळून त्या धारेने माथ्यावर गेले. दोर बांधून उभं राहायच्या दोन जुन्या थांब्यांवर त्यांनी माएस्त्रीचे बोल्ट वापरले, आणि मधे इतरांनी नंतर मारलेले मोजके. उतरताना वरच्या भिंतीवरचे सगळे आणि त्याखालच्या एका पिचवरचे (दोराच्या एका लांबीच्या टप्प्यावरचे), असे सुमारे १२० बोल्ट काढून खाली आणले. गावात आल्यावर लोक त्यांच्या दाराशी जमले. पोलिसांनी दोघांना नेलं, बोल्ट जप्त केले, आणि सोडलं. त्यानंतर काही दिवसांतच लामा आणि पीटर ऑर्टनर तिथे गेले. वरच्या भिंतीवर बोल्ट नव्हतेच, आणि लामाने ती धार पहिल्यांदा हातापायांवर, बोल्टला न लटकता चढून दाखवली. बोल्टांची ती ओळ असल्याशिवाय तिथून जाता येत नाही, हा युक्तिवाद एका आठवड्यात दोन जोड्यांनी संपवला.

हे सगळं त्याने एका सुरात सांगितलं. आपलं मत कुठेही मिसळू दिलं नाही. मी थांबून होते. शेवटी भाचीनेच विचारलं, "पण तुम्हाला काय वाटलं?"

त्याने डबा बंद केला. नव्वदच्या दशकात, तिच्याच वयाचा असताना, तो आणि त्याचा एक मित्र त्या बोल्टांवरून वर गेले होते. बर्फाच्या छत्राखाली पोचले आणि वादळ आलं. चौदा तास रॅपलिंग करत उतरले, बोल्टाला दोर लावत, एकामागून एक. "ते बोल्ट नसते तर मी खाली आलो नसतो," तो म्हणाला. "आणि मग दोन मुलं आली. माझ्यापेक्षा दसपट चांगली चढणारी. त्यांना गरज नव्हती, म्हणून त्यांनी सगळ्यांचे काढले."

भाची बोलली, "पण ते नसते तर तुम्ही तिथे गेलाच नसता."

मला वाटलं आता दिवस बिघडणार. तो गप्प झाला. मग थर्मास उघडून त्याने माते ओतला आणि पेला आधी तिच्या हातात दिला. "खरं आहे," तो म्हणाला. "गेलो नसतो. आणि मला जायचं होतं."

चार-पाच वेगवेगळ्या देशांत मी गाईडबरोबर फिरलेय. प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलेलं नाही. या सेवेला मी जे गुण देतेय ते बहुतेक या एका मिनिटाचे आहेत.

आता माझी बाजू. मी बोल्ट काढण्याच्या बाजूची आहे. भेग शेजारी असताना मारलेला बोल्ट मला कातळाचा अपमान वाटतो, आणि वाद जिंकण्यासाठी आणलेलं यंत्र डोंगरावर चाळीस वर्षं राहिलं म्हणून पवित्र होत नाही. आणि हा प्रश्न फक्त सेरो तोरेचा नव्हे. त्याच १९७० साली अमेरिकेतल्या योसेमिटीत वॉरन हार्डिंग आणि डीन कॉल्डवेलने एल कॅपिटन या कड्यावर सत्तावीस दिवस राहून 'अर्ली मॉर्निंग लाइट'च्या भिंतीवर तीनशेहून जास्त भोकं पाडली. पुढच्या वर्षी रॉयल रॉबिन्स हा दुसरा गिर्यारोहक ते बोल्ट तोडत वर निघाला. काही पिच तोडल्यावर त्याच्या लक्षात आलं की मधली चढाई खरंच अवघड आणि उत्तम दर्जाची आहे. त्याने तोडणं थांबवलं आणि बाकीचे बोल्ट तसेच ठेवून वर गेला. परतीच्या वाटेवर हे मी गाईडला सांगितलं. रॉबिन्स थांबला, हे त्याला फार आवडलं. "हातात हातोडा असताना मत बदलणं सोपं नाही," म्हणाला.

मला ते सोपं का वाटत नाही, ते सांगते. चौदा वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी एका कड्यावरचा जुना रूट दुरुस्त केला. तीस वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ गिर्यारोहकाने तो उघडला होता. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. त्यांनी हाताने ठोकून अकरा बोल्ट मारले होते, सगळे गंजलेले. आम्ही सहा बदलले, जुनं लोखंड त्याच भोकातून ओढून काढून त्याच भोकात नवे स्टेनलेसचे बसवले, जेणेकरून कातळावर नवी जखम होऊ नये. पाच काढूनच टाकले, कारण त्यांच्या शेजारी भेगा होत्या आणि हल्लीच्या साधनांनी तिथे चांगलं संरक्षण मिळतं. भोकं इपॉक्सीत दगडाची पूड कालवून बुजवली. काम इतकं साफ झालं होतं की हात फिरवल्याशिवाय जागा कळत नव्हती. आम्हाला अभिमान वाटत होता.

महिन्याभराने काका पायथ्याशी आले. दोर न लावता पहिल्या टप्प्यापर्यंत चढले, बुजवलेल्या एका जागेवर अंगठा ठेवून उभे राहिले. त्या ठिकाणी त्यांचा जोडीदार पडला होता आणि त्याचा पाय कायमचा गेला होता. म्हणून त्यांनी दुसऱ्या दिवशी तो बोल्ट मारला होता. आम्हाला माहीत नव्हतं. ते रागावले नाहीत. "एक फोन केला असतास तर मीच आलो असतो, कुठला कशासाठी मारला ते सांगायला," एवढंच बोलले. काका आता नाहीत. आम्ही तो बोल्ट परत मारला नाही, कारण भेग आहे, आणि आजही माझं मत तेच आहे की तो तिथे नको. पण फोन करायला हवा होता, यावरही माझं दुमत नाही.

हे मी गाईडला सांगितलं. त्याने विचारलं, काकांनी नको म्हटलं असतं तर तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, कदाचित थांबले असते. भाची म्हणाली, "मावशी, माएस्त्रीने ठोकताना कुणाला विचारलं होतं? मग काढताना विचारायचं कशाला?" तिचा मुद्दा खोडता येत नाही. ज्याने पहिल्यांदा रूट केला त्याच्या संमतीशिवाय हात लावायचा नाही, हा आपल्याकडचा नियम चांगला आहे. पण त्याने माएस्त्रीसारख्याला कायमचा मालकीहक्क मिळतो, आणि ते मला मान्य नाही. परत येताना मी बराच वेळ यावर विचार करत होते. मला वाटतं, माएस्त्रीला विचारायची गरज नव्हती. ज्यांच्या दारात तो डोंगर आहे, जे वादळात तिथून उतरलेत, ज्यांनी २००७ मध्ये एकत्र बसून मत दिलं होतं, त्यांना मात्र पुन्हा विचारायला हवं होतं. पाच वर्षांनी कदाचित मत बदललं असतं. कदाचित नसतंही. केनेडी आणि क्रुकने डोंगरासाठी योग्य काम केलं असं मी आजही म्हणेन, आणि त्या संध्याकाळी दाराशी जमलेल्या लोकांचा रागही मला रास्त वाटतो, कारण आपल्या मताला काडीची किंमत नाही हे त्यांना बोल्ट खाली आल्यावर कळलं.

गाईडचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. त्याच्या मते ज्या बोल्टांनी एका मध्यम कुवतीच्या स्थानिक पोराला तिथवर नेलं, ते काढायचा हक्क पाहुण्यांना नव्हता. मी माझं म्हणणं मांडलं, त्याने ऐकलं, मधे तोडलं नाही. हल्ली बहुतेक लोक पश्चिमेकडून, फेरारीच्या बर्फाच्या वाटेने माथ्यावर जातात, असं त्याने सांगितलं. तिथे बोल्टांचा प्रश्नच येत नाही, रस्ता दर हंगामात बर्फातूनच खोदावा लागतो. तो स्वतः तिकडून अजून गेलेला नाही.

त्याच्या गोष्टीत एक उणीव राहते. वरचे १२० गेले. खाली धारेवर त्याहून जास्त अजून आहेत. त्यांचं काय करायचं, कुणी ठरवायचं, ती मेख अजून किती वर्षं भार घेईल, यावर तो बोलायचं टाळतो. मी दोनदा विषय काढला. पहिल्यांदा त्याने नदीकडे बोट करून सुतार पक्षी दाखवला (लाल डोक्याचा, सुंदर होता, ते खरं). दुसऱ्यांदा म्हणाला, "ते पुढच्या लोकांचं काम." मला हे पटलं नाही. जुन्या लोखंडाची तारीख कुणासाठी थांबत नाही, आणि गावात बसून ठरवायची संधी गेल्या वेळी हुकली असेल तर आता ती गावानेच घ्यायला हवी, पुन्हा कुणीतरी हातोडा घेऊन वर जायच्या आत. त्याच्यासारखा माणूस त्या बैठकीला हवा.

भाषेचं: त्याची इंग्रजी कामापुरती चांगली आहे, पण भावनेच्या भरात तो स्पॅनिशमध्ये शिरतो. एगरबद्दलची दोन वाक्यं आम्हाला कळली नाहीत, आणि पुन्हा विचारावंसंही वाटलं नाही.

पैशांचं: पेसोत रोख दिले. तिथल्या महागाईत आकडा इतक्या झपाट्याने बदलतो की इथे लिहून उपयोग नाही. एका दिवसाच्या इतर ट्रेकच्या तुलनेत थोडे जास्त होते, आणि दोघींसाठी एक गाईड हे लक्षात घेता मला ते रास्त वाटले. मोठ्या गटात गेलात तर हा दिवस असा होणार नाही. चारपेक्षा जास्त माणसं घेऊ नका, हे कचेरीत आधी सांगा.

वेळेचं: आम्ही जानेवारीत गेलो. रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीची घाई नसते, तरी शेवटचे तीन किलोमीटर तो परत घाईत होता. हवेचा भरवसा नाही. तोरे न दिसताच परत जाणारे रोज असतात. आमच्या आधी त्याच्याबरोबर गेलेल्या दोघांना काहीच दिसलं नव्हतं, तरी त्यांनी पूर्ण पैसे दिले आणि त्याने पूर्ण गोष्ट सांगितली. शक्य असेल तर हातात दोन जादा दिवस ठेवा. वाऱ्यासाठी चांगलं जाकीट, कानटोपी, आणि डब्याव्यतिरिक्त खायला काहीतरी.

गाठायचं कसं: गावात मान्यताप्राप्त गाईडच्या कचेऱ्या मोजक्या आहेत. कॉम्प्रेसर रूटबद्दल बोलणारा हवा असं सांगा. स्वतः कधी बोल्ट मारला किंवा काढला असेल तर तेही सांगा. दे आगोस्तिनी कॅम्पवर तो फडकं उघडेल तेव्हा ती मेख हातात घ्या, आणि तो स्वतः सांगेपर्यंत त्याचं मत विचारू नका.